राठोडांची भिंत गुण्यात घेणे

नवीन कपाट घरात आलं आणि विमलताई भोयर यांच्या झोपायच्या खोलीत एक विशालकोन सापडला.

तो काही कपाटाबरोबर आला नव्हता. घर वाढवलं तेव्हापासून तो त्या कोपऱ्यात गुपचूप राहत होता. त्याच्यापुढे खाट होती, खाटेखाली गाद्यांची पेटी होती, आणि कोपऱ्याकडे संशयाने पाहायचं कोणाला काही कारण नव्हतं. पण विमलताईंच्या घरात विशालकोन निघणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यांनी उभी नोकरी तालुक्याच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यात घालवली होती. मुलाने काढलेला काटकोन एकोणनव्वद अंशांचा निघाला तर त्या अर्धा गुण कापत, आणि एक्याण्णवचा निघाला तरी अर्धाच कापत, कारण चूक कोणत्या बाजूला झाली यावर शिक्षा ठरू नये असं त्यांचं मत होतं. आजही बसस्टँडवर एखादा टक्कल पडलेला कंडक्टर त्यांना पाहिलं की पाठ ताठ करतो.

कपाट घेऊन आलेल्या भारत सुताराने ते पाठीमागच्या भिंतीला चिकटवलं, तर बाजूच्या भिंतीशी पुढून अंगठा जाईल एवढी फट पडली. बाजूच्या भिंतीला चिकटवलं, तर पाठीमागे फट पडली.

"इकडून बंद केलं का तिकडून उघडते, मॅडम," तो घाम पुसत म्हणाला. "माह्या कपाटात खोट नाही. कंपनीचं प्लाय हाय."

"राहू दे ना मग," मारोतराव खुर्चीतून म्हणाले. मारोतराव म्हणजे विमलताईंचे यजमान, शेती खात्यातून निवृत्त. 'चालून जाते' या एका तत्त्वावर त्यांनी सगळी नोकरी केली होती आणि ती खरोखरच चालून गेली होती. "कंगवा ठेवाले जागा झाली."

विमलताई आतून कंपासपेटी आणून जमिनीवर बसल्या आणि कोपऱ्यात कोनमापक टेकवला. मग चष्मा पुसला आणि पुन्हा टेकवला.

"त्र्याण्णव," त्या म्हणाल्या.

हा आकडा त्यांनी डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवावा तशा आवाजात सांगितला.

दुसऱ्या दिवशी डोमाजी मिस्त्री आले. डोमाजींच्या थैलीत थापी होती, ओळंबा होता आणि एक लोखंडी गुण्या होता. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. गवंड्याला आणि सुताराला कोपरा सरळ आहे की नाही ते यावरून कळतं, आणि कोपरा सरळ असला की ते 'भिंत गुण्यात आहे' असं म्हणतात. विमलताईंना हा शब्द फार आवडायचा. पुस्तकातला काटकोन शाळेबाहेर पडला की मिस्त्रीच्या थैलीत जाऊन राहतो, असं त्या मुलांना सांगत.

डोमाजींनी गुण्या कोपऱ्यात लावला, एक डोळा मिटला आणि डोकं हलवलं. मग मिस्त्री लोकांच्या रिवाजाप्रमाणे निदान सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"बाई, काम राठोडाकडून बिघडलं. राठोडाची भिंत गुन्यात घ्या लागते!"

प्रगती कॉलनीतलं ते जोडघर होतं. अर्ध्यात भोयर, अर्ध्यात धावजी राठोड, आणि मधली भिंत सामायिक. ती पहिल्यांदा राठोडांनी उठवली म्हणून तिला 'राठोडाची भिंत' म्हणायची पद्धत पडली होती. तिच्यावर छप्पर मात्र दोघांनीही टेकवलं होतं.

"दुसरा काही उपाय नाही?" विमलताईंनी विचारलं.

"गुन्यात घेतल्याबिगर जमतच नाही."

"मग घ्या," विमलताई ठामपणे म्हणाल्या. "एकदाच काय ते सरळ होऊन जाऊ दे."

हे सगळं चालू असताना खिडकीखाली समोरच्या घरातल्या वर्षाताई कढीपत्ता तोडत होत्या. भोयरांचा कढीपत्ता वर्षाताई रोज तोडत. त्यांना दर वेळी चारच पानं लागत, पण ती तोडायला अर्धा तास लागत असे.

आता इथे उच्चारशास्त्राचा एक बारीक मुद्दा आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं असल्यामुळे तो टाळता येत नाही. आमच्याकडे 'ण' हे अक्षर फक्त शाळेत शिकवतात, घरी वापरायला देत नाहीत. पाणी ते पानी, कोण ते कोन, आणि गुण्या तो गुन्या. शिवाय शब्दाच्या पोटातला 'ह' आम्ही खाऊन टाकतो, त्यामुळे गुन्हा तोही गुना आणि गुन्ह्यात ते गुन्यात. तात्पर्य, यवतमाळ जिल्ह्यात एखादी भिंत गुण्यात घेणं आणि एखादा माणूस गुन्ह्यात घेणं यांत कानाला काही फरक उरत नाही.

वर्षाताई त्या दिवशी कढीपत्ता न घेताच गेल्या.

संध्याकाळी विमलताईंनी राठोडांकडे दिलेला लोणच्याचा डबा परत आला. सोनीबाई राठोड आणि विमलताई यांच्यात डब्याची देवाणघेवाण इतकी जुनी होती की मूळ डबा कोणाचा होता हे दोघींनाही आठवत नव्हतं. डबा रिकामा जात नसे. काही नसलं तर सोनीबाई चिमूटभर साखर घालून पाठवायच्या. त्या दिवशी डबा आला तो घासून, पुसून, उन्हात वाळवून. आत काहीच नव्हतं. विमलताईंनी तो उलटा करून पाहिला.

"साखर संपली असेल," मारोतराव म्हणाले.

विमलताईंना ते पटलं नाही. नोंद घेण्यासारखी गोष्ट होती. शिवाय तो आठवडा राठोडांच्या घरी फार महत्त्वाचा होता. त्यांची संगीता, जी विमलताईंच्याच हाताखाली शिकली आणि आता यवतमाळला एका लॅबमध्ये रक्त तपासते, तिला पाहायला रविवारी पांढरकवड्याहून पाहुणे यायचे होते. मुलगा इंजिनियर, स्वभावाने चांगला, आणि मुख्य म्हणजे संगीताला पसंत. सोनीबाईंनी हे सांगताना विमलताईंचा हात धरला होता. 'बाई, एवढं जमलं का मी सुटली.' भिंतीचं काम निघणार असेल तर पाहुण्यांच्या आधी सांगायला हवं, असा विचार करून विमलताई राठोडांकडे गेल्या.

धावजी ओट्यावर बसले होते. एरवी ते 'या मॅडम' म्हणून खुर्ची ओढत. आज उठून उभे राहिले आणि हात जोडले.

"मॅडम, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं म्हणजे, चुकलं तर आहेच," विमलताई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "पण जाणूनबुजून नाही, हे मला माहीत आहे."

"मंग गुन्यात कायले घेता जी?"

"घ्यावंच लागतं हो. नाहीतर माझं कपाट बसत नाही."

"कपाटासाठी?"

"मग? तीन अंशांनी बाहेर आहात तुम्ही."

"तीनच ना? तीनासाठी कोनी असं करते का?"

"तीन थोडे झाले? मी शाळेत एका अंशाला सोडत नव्हते."

दारामागून सोनीबाईंचा हुंदका ऐकू आला. विमलताईंना वाटलं, सर्दी.

धावजींनी घसा साफ केला. "कलम कोन्तं लावलं?"

"कलम कशाला? पेन्सिल पुरते. मिस्त्रींनी खूण करून ठेवली आहे."

"म्हंजे मिस्त्री साक्षीदार हाय."

"त्यांनीच तर दाखवून दिलं. मला इतकी वर्षं कळलंसुद्धा नव्हतं, की शेजारी असं काही आहे."

"मॅडम," धावजींनी पुन्हा हात जोडले, "रविवारी पाहुने येऊन राह्यले. तेवढं होऊ द्या."

"पाहुण्यांना काही त्रास होणार नाही. सगळं आमच्या बाजूनेच करू. थोडा आवाज होईल, बाकी काही नाही."

"आवाज तं झालाच, मॅडम," धावजी म्हणाले. "आता काय राह्यलं."

विमलताई घरी आल्या आणि मारोतरावांना म्हणाल्या, की राठोड फार समजूतदार माणूस आहे. फक्त आज जरा थकलेले दिसले.

खरी गोष्ट उघडी झाली ती दुसऱ्या दिवशी, आणि तीही चहाच्या टपरीवरून. मारोतराव तिथे पेपर वाचायला जात. पेपर घरीही यायचा, पण टपरीवर तो लोक मोठ्याने वाचत, त्यामुळे चष्मा लागत नसे. त्या दिवशी पेपर वाचून झाला, तरी लोक त्यांच्याकडेच पाहत होते. शेवटी एकाने विचारलं.

"काय मारोतराव, राठोडावर केस टाकली म्हंते मॅडमनं?"

"कोन्ती केस?"

"आमाले काय माहीत जी. कपाट चोरलं म्हंते."

मारोतराव आयुष्यात पहिल्यांदा चहा अर्धा सोडून घरी आले.

"अहो, काय झालं?" विमलताईंनी विचारलं.

"तू राठोडाले गुन्यात घेतलं का?"

"भिंतीला घेतलं. गुण्यात."

मारोतरावांनी 'गुण्यात' आणि 'गुन्ह्यात' असं दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि मटकन खाली बसले. विमलताईंनी कालचा सगळा संवाद मनात पहिल्यापासून पुन्हा चालवून पाहिला. 'कलम' या शब्दापाशी आल्यावर त्यांनी पदराने चेहरा पुसला. प्रयोगाचं निरीक्षण पूर्ण करून त्याच्या नावावर भलताच निष्कर्ष लिहून आल्यासारखं त्यांना झालं.

तरीही पहिला राग त्यांना आला तो 'ण' न म्हणणाऱ्यांचा. चूक जिथे सुरू झाली तिथेच ती सुधारावी, म्हणून त्या तडक वर्षाताईंकडे गेल्या.

"वर्षाताई, डोमाजी म्हणाले तो शब्द गुण्या होता. गु-ण्या."

"तेच तं मी सांगून राह्यली सगळ्याइले. गु-न्या."

"ण. जीभ वर टाळूला लावा. ण्या."

वर्षाताईंनी प्रामाणिकपणे जीभ टाळूला लावली. डोळे मोठे झाले. "गु-न्न्या."

"यात गुन्हा काहीच नाही हो. पोलीस नाहीत, केस नाही."

"समजलं, बाई, समजलं," वर्षाताईंनी आवाज खाली आणला आणि विमलताईंच्या हातावर थोपटलं. "मिटवलं का तुमी? मी कोनाले सांगत नाही."

तेव्हा विमलताईंनी ठरवलं, की तोंडी भाषेवर आता विसंबायचं नाही. लिहून द्यायचं. लेखी भाषेत 'ण' हा 'ण'च राहतो. कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, 'प्रगती परिवार' नावाचा. त्याच्यावर त्यांनी आजवर फक्त सूर्यग्रहण कोणत्या काचेतून पाहू नये एवढंच लिहिलं होतं. त्यांनी फोन समोर धरला, एका बोटाने मजकूर टाईप केला आणि पाठवून दिला. चष्मा पुसून मग तो वाचला. विमलताईंना गुण्या माहीत होता, पण फोनला तो माहीत नव्हता. फोनला फक्त गुन्हा माहीत होता. ग्रुपवर गेलं ते असं:

'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की श्री. धावजी राठोड यांच्याबद्दल गैरसमज पसरला आहे. त्यांची फक्त भिंत गुन्ह्यात घ्यायची आहे. भिंत गुन्ह्यात आली की विषय संपेल. कृपया शांतता राखावी.'

पहिल्या मिनिटात पाच जणांनी हात जोडले. एकाने 'मॅडम तुम आगे बढो' लिहिलं. एकाला फक्त 'श्री. धावजी राठोड' आणि 'शांतता' एवढंच दिसलं असावं, कारण त्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि ते पाहून आणखी तिघांनीही लिहिलं. स्वतः धावजी ग्रुपवर होते. त्यांच्या नावापुढे निळ्या खुणा उमटलेल्या दिसल्या.

विमलताईंनी घाईने मेसेज डिलीट केला. हे सगळ्यात वाईट झालं. मेसेज वाचलेल्या लोकांच्या मनात निदान भिंत तरी होती. आता 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढंच राहिलं, आणि न वाचलेल्यांनी त्या जागी ज्याचा त्याने गुन्हा बसवला.

"आता झालं गुण्यागोविंदानं राहनं," मारोतराव म्हणाले.

विमलताईंनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"गुण्यागोविंदानं. शेजारी राहतात तसं."

हा शब्द त्या लहानपणापासून ऐकत होत्या आणि लग्नाच्या आशीर्वादात वापरतही होत्या. पण त्यात एक गुण्या उभा आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्या उठल्या आणि शाळेतून निवृत्त होताना मिळालेला मोठा शब्दकोश त्यांनी काढला. माणूस अडचणीत सापडला की कोणी देवाजवळ बसतं, कोणी सोफ्यावर आडवं होतं. विमलताई संदर्भग्रंथ काढत.

सापडलं ते त्यांना फारसं सोयीचं नव्हतं. गुण्या हा शब्द मुळात मराठीतला नव्हताच. तो फारसीतून आलेला, तिथे गुनिया. हिंदीतले मिस्त्रीही गुनियाच म्हणतात. आणि त्याच्याही मागे ग्रीक, जिथे गोनिया म्हणजे कोपरा. इतक्या लांबून, इतक्या हातांतून शब्द येईपर्यंत त्यात सगळीकडे 'न'च होता. 'ण' त्याला मराठीत आल्यावर लागला. गुन्हाही फारसीतूनच आलेला, म्हणजे दोन्ही शब्द एकाच रस्त्याने आले होते. विमलताईंना डोळ्यांसमोर वर्षाताई दिसल्या, जीभ टाळूला लावून, डोळे मोठे करून, नसलेलं अक्षर उच्चारताना.

त्यांनी शब्दकोश मिटला. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

"गुण्यागोविंदाचं काय निघालं?" मारोतरावांनी विचारलं.

"खात्रीचं काही नाही."

"मी सांगतो. एक गुण्या होता, एक गोविंद होता. दोघं शेजारी. कपाट कोणाकडेच नव्हतं."

शनिवारी विमलताई दोनदा राठोडांच्या दारापर्यंत जाऊन आल्या. दोन्ही वेळा संगीता आतून आली आणि म्हणाली, की आईबाबा बाहेर गेलेत. आत सोनीबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. संगीता खोटं बोलताना नेहमीसारखी उजवीकडे पाहत होती. शाळेतही तशीच पाहायची.

"मॅडम, मला माहीत आहे गुण्या काय असतो ते," ती हळूच म्हणाली. "पण बाबा कोणाचंच ऐकत नाहीत. त्यांनी ग्रुपवर स्वतःची श्रद्धांजली वाचली."

रविवारी पाहुणे आले. पांढरकवड्याचे देवसिंग पवार, म्हणजे मुलाचे वडील, ट्रकचा धंदा, अंगाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. त्यांनी कोपऱ्यावर गाडी थांबवून राठोडांचं घर विचारलं, आणि विचारलं ते वर्षाताईंनाच.

"राठोड? ज्याइच्या भिंतीवर गुना हाय ते का?" वर्षाताईंनी मदत करायच्या उद्देशाने विचारलं, आणि बोटाने घर दाखवलं.

सामायिक भिंतीचा एक गुण असा, की तिच्यातून अलीकडचं पलीकडे ऐकू येतं. विमलताई खोलीत कपाटापुढे बसल्या होत्या. पलीकडून 'जय सेवालाल' झालं, पाणी झालं, आणि मग देवसिंग यांचा आवाज आला.

"पोरीचं बाकी पाहूच. पयले तो गुना काय हाय ते सांगा. आमच्या घरात आजवर पोलीस आला नाही."

पलीकडून धावजींचा आवाज आलाच नाही. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाने मान खाली घातली की जसा बारीक आवाज होतो, तेवढाच आला.

विमलताई उठल्या. डोमाजी मिस्त्री काम दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून आपला गुण्या कोपऱ्यात ठेवून गेले होते. तो त्यांनी हातात घेतला आणि चपला न घालता निघाल्या.

त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा सोनीबाई बंजारा बोलीत आईचं नाव घेऊन किंचाळल्याच. "ए याडी! बाई, हातात लोखंड घेऊन कायले आल्या?"

"हा गुण्या आहे," विमलताई म्हणाल्या, आणि मग एक श्वास घेऊन, "गुन्या. तुमच्यावर कसलाही गुन्हा नाही. माझ्या खोलीचा कोपरा सरळ नाही, म्हणून मिस्त्रींनी हा लावला. बाकी सगळं ऐकण्यातलं."

देवसिंग यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कोन?"

"शेजारी. मॅडम हाय," धावजी म्हणाले. इतकं झाल्यावरही त्यांनी विमलताईंसाठी खुर्ची ओढली.

"मॅडम, तुमाले ह्याइनं बोलाले लावलं का?" देवसिंग यांनी विचारलं. "दबाव असन तं सांगा. घाबरू नका."

विमलताईंवर आयुष्यात पहिल्यांदाच कोणी खोटं बोलल्याचा संशय घेतला होता. पण वाद घालणं त्यांना येत नव्हतं, त्यांना सिद्ध करणं येत होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "भिंत दाखवते."

मिरवणूक निघाली. पुढे गुण्या घेतलेल्या विमलताई, मागे देवसिंग, त्यांची बायको आणि त्यांच्याकडची माणसं, त्यांच्यामागे धावजी आणि सोनीबाई, मग चहाचा ट्रे तसाच हातात राहिलेली संगीता, आणि फाटकापासून वर्षाताईंसह निम्मी प्रगती कॉलनी. मारोतराव बनियनवर झोपले होते. डोळे उघडले तर खाटेभोवती पांढरकवडा उभा होता.

"बसा ना," ते म्हणाले, आणि चादर गळ्यापर्यंत ओढली.

विमलताईंनी कोपऱ्यात गुण्या लावला. एका पट्टीपाशी फट दिसली. फटीतून एक पाल बाहेर आली, तिने जमावाकडे पाहिलं आणि ती परत आत गेली.

"हे बघा. एवढंच. ही राठोडांची भिंत आहे, आणि ती गुण्यात..." त्या थांबल्या.

"नाही," देवसिंग यांनी वाक्य पूर्ण केलं. "म्हंजे खोट त्याइचीच. बांधाले सरळ भिंत नाही आली, पोरगी सरळ वागन याचं काय?"

सोनीबाईंनी भिंतीचा आधार घेतला. राठोडाच्याच भिंतीचा.

तेव्हा मागून बारीक आवाज आला. "मॅडम, बाकीचे तीन कोपरे?"

चहाचा ट्रे धरून संगीता उभी होती. सगळे वळले. पाहायला आलेली मुलगी अशी आपणहून बोलत नसते. पण संगीता पाहुण्यांशी बोलतच नव्हती.

"तुम्हीच शिकवलं," ती म्हणाली. "चौकोनाच्या कोनांची बेरीज तीनशे साठ. इथे तीन जास्त आहेत, म्हणजे कुठेतरी तीन कमी असणार."

विमलताईंनी राठोडांच्या भिंतीचा दुसरा कोपरा गाठला. पेटी सरकवावी लागली. मारोतरावांनी चादर सांभाळत ती सरकवली. गुण्या तिथे असा बसला, की मध्ये कागद गेला नसता. त्याच्यापुढचा कोपराही चोख निघाला. मग त्या उरलेल्या चौथ्या कोपऱ्यात गेल्या, कपाटामागच्या भिंतीच्या पलीकडच्या टोकाशी. तिथे गुण्या आत शिरेचना.

ती भिंत भोयरांची होती. घर वाढवताना मध्ये घातलेली. आणि तिची दोरी मिस्त्री जेवायला गेला असताना स्वतः विमलताईंनी, वेळ वाया जाऊ नये म्हणून, स्वतःच्या डोळ्याच्या भरवशावर लावली होती.

एकोणनव्वदला अर्धा आणि एक्याण्णवलाही अर्धा गुण कापणाऱ्या विमलताई आपल्या भिंतीपुढे उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे त्यांचे निदान सात जुने विद्यार्थी.

"कोनाला दोन भुजा असतात," त्या फळ्याकडे तोंड केल्यासारख्या म्हणाल्या. "एकटी भिंत गुण्यात नसते आणि गुण्याबाहेरही नसते. दोघींचं जमत नाही एवढंच गुण्या सांगतो. चूक कोणाची ते सांगत नाही. ते शोधावं लागतं. मी न शोधताच शेजाऱ्यांचं नाव घेतलं." मग त्या वळल्या. "राठोडांची भिंत सरळ आहे. गुन्हा माझ्या भिंतीचा आहे."

या वेळी 'ह' स्पष्ट होता. वर्षाताईंनाही तो ऐकू आला.

"कबूल?" देवसिंग यांनी विचारलं.

"कबूल."

देवसिंग पवार आधी खांद्यांनी हसले, मग पोटाने. हसता हसता त्यांनी धावजींच्या पाठीवर असा हात मारला, की धावजी कपाटावर आदळले आणि कपाट जागेवर बसल्यासारखं वाटलं. बसलं नाही. फट पाठीमागे गेली.

"धावजीभाऊ, तोंडानं सांगाले काय झालतं?"

"मलेच माहीत नव्हतं जी, माहा गुना काय हाय ते," धावजी म्हणाले.

"आन् ही पोरगी," देवसिंग बायकोकडे वळून म्हणाले, "बापाची केस उभ्यानं जिंकली. ट्रेमधला चहा बी नाही सांडला. हिले घरी नेलं तं आपल्या डायवर लोकाइचे डिझेलचे हिशोब हिच्यासमोर टिकनार नाही, सांगून ठेवतो."

"म्हनून नाही नेत का?" बायकोने विचारलं.

"म्हनूनच नेतो!"

चहा विमलताईंच्या खोलीतच झाला. वर्षाताईंनी कप फिरवले. संध्याकाळी सोनीबाईंचा डबा आला, तो दोन्ही हातांनी धरावा लागेल इतका भरलेला. वरून चिमूटभर साखरही टाकलेली होती.

भिंत गुण्यात घ्यायचं विमलताईंनी रद्द केलं. डोमाजींनी गुण्या परत नेला. मारोतरावांनी फटीत कंगवा ठेवायला सुरुवात केली आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांच्या सबंध संसारात यापेक्षा मोठा संयम दुसरा दाखवता येणार नाही.

पुढे लग्नाची पत्रिका घेऊन धावजी स्वतः आले. पहिली पत्रिका मॅडमला, असं म्हणून त्यांनी ती हातात दिली. मजकूर त्यांनी स्वतः फोनवर लिहून छापखान्यात पाठवला होता. मॅडमच्या तोंडचा शब्द मुद्दाम घातला, असंही सांगितलं. विमलताईंनी चष्मा लावला. गणपती ठीक होता, नावं ठीक होती, वेळ ठीक होती. शेवटी सोनेरी अक्षरांत छापलं होतं:

'नवदांपत्य जन्मभर गुन्ह्यागोविंदाने नांदो.'

विमलताईंचा हात सवयीने टेबलावरच्या लाल पेनाकडे गेला. टोपण निघालं.

"काही चुकलं का, मॅडम?" धावजींनी उभं राहूनच विचारलं, अगदी त्या दिवशी ओट्यावर विचारलं होतं तसं.

विमलताईंनी टोपण पुन्हा लावलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "अगदी गुन्यात आहे."